सातमळ्याचं दळण

दुपारी जरा डोळा लागला की मला अजूनही गिरणीचा पट्टा ऐकू येतो. आधी तो सैल, फटफट वाजतो, मग त्याला लय सापडते, आणि मग आवाज इतका एकसारखा होतो की तो ऐकूच येईनासा होतो. गिरणीत उभ्या राहणाऱ्या माणसाला गिरणीचा आवाज कधी ऐकू येत नाही, आवाजातला बदल तेवढा ऐकू येतो. वरच्या पेटीतलं धान्य संपत आलं की दगड हलक्या सुरात बोलू लागतो. झोपेत तो सूर ऐकला की माझा हात उशाशी पुढचं दळण चाचपत राहतो. मग आमचे हे म्हणतात, "झोप आता. कोणी आलं न्हाई."

जालन्याच्या बाहेर, राजूरला जाणाऱ्या रस्त्यावर सातमळा नावाची वसाहत होती. तिथं मी पिठाची गिरणी चालवली. 'होती' असं मुद्दाम लिहिलं. जागा तिथंच आहे, पण आता ती शहरात आहे, आणि शहरातल्या माणसाला सातमळा म्हणून विचारलं तर तो मोबाईलमध्ये बघतो. मी लग्न होऊन आले तेव्हा इथं सात शेतं नुकतीच प्लॉट पाडून विकली होती. सातातल्या सहा घरच्यांनी पैसा घेतला आणि कुणी भोकरदनला, कुणी संभाजीनगरला निघून गेले. सातवं शेत माझ्या सासऱ्यांचं, आबांचं. त्यांनी एक तुकडा ठेवला, त्यावर पत्र्याची शेड उभी केली आणि चक्की बसवली. आमचे हे मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, कामाला, त्यामुळे गिरणी माझ्या आणि आबांच्या गळ्यात पडली. मी दळायची, आबा बाहेर खाटेवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं दळण ओळखायचे.

गिरणीचं काम लांबून फार सोपं दिसतं. वरून धान्य ओतायचं, खालून पीठ घ्यायचं. पण दगड सगळं लक्षात ठेवतो. आधीच्या दळणाचं थोडं तरी पीठ त्याच्या खाचांत राहतं आणि पुढच्याच्या डब्यात जातं. म्हणून दळणं लावण्याची एक रीत असते. ज्वारीवर ज्वारी, बाजरी तिच्यामागे, मग गहू, आणि हरभऱ्याची डाळ सगळ्यात शेवटी, कारण बेसनाचा वास पुढच्या तीन घरांच्या पोळ्यांना लागतो. उपासाची भगर सकाळी सगळ्यांच्या आधी. कुणाचं कशावर टाकलं यावरून बायका गिरणीत जेवढ्या भांडतात तेवढ्या नळावरही भांडत नाहीत. आणि आमच्या घरातच सगळ्यात वाईट गिऱ्हाईक बसलेलं होतं. भाकरीच्या पिठात गव्हाचा अंश जरी आला तरी आबांना पहिल्या घासाला कळायचं. ते काही बोलायचे नाहीत, ताट सरकवून उठायचे.

दगडाला वरचेवर टाकी लावावी लागते. टाकी म्हणजे छिन्नीनं खाचा पुन्हा खोल करायच्या. टाकी लावल्यावर, किंवा दगड धुतल्यावर, पहिल्या दळणात दगडाची बारीक कच उतरते. ती कुणाच्या पोटात जाऊ नये म्हणून आधी दोन मुठी ज्वारी दगडातून काढायची आणि ते पीठ गाईला घालायचं. हा आबांचा नियम होता आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. त्या दोन मुठींमुळे पुढं काय झालं तेच मला सांगायचं आहे.

मला माणसं नावानं लक्षात राहत नाहीत, दळणानं राहतात. सुरुवातीला सातमळ्यात सगळं ज्वारीचं दळण असायचं. दुपारी पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप यायची आणि तिच्यात पीठ तरंगत राहायचं. त्या पांढऱ्या धुक्यात उभं राहिलं की बाहेरची घरं दिसायची नाहीत, आणि मला वाटायचं की बाहेर अजून शेतच आहे. मग आष्टी-परतूरकडून आलेली नोकरदार मंडळी प्लॉटवर राहायला आली, त्यांचा अर्धा डबा गहू, अर्धा ज्वारी. जुन्या जालन्यातली काही मुसलमान घरं आली. ती रमजानमध्ये गहू जाडसर भरडून न्यायची आणि "बारीक बिलकुल मत करो" असं प्रत्येक वेळी नव्यानं बजावायची. एक मद्रासी साहेब तांदूळ आणायचे आणि दगड पुसून घेतल्याशिवाय पेटीत ओतू द्यायचे नाहीत. मग लोखंडाच्या मिल वाढल्या. रात्रपाळी करून आलेली पोरं आणि माणसं खोल्या करून राहू लागली, आणि त्यांच्यामागून त्यांच्या बायका आल्या.

त्यातली एक एके दिवशी भाजलेले हरभरे सालासकट घेऊन आली. आबांनी पिशवीत हात घालून पाहिलं आणि मला आत येऊन विचारलं, "मंगल, हे कोण दळून खातं? म्हशीला हाय का?"

बाईला मराठी येत नव्हतं, पण म्हैस कळली. ती हसली आणि म्हणाली, "सत्तू है बाबा. आदमी लोग खाता है." दुसऱ्या दिवशी ती सत्तू पाण्यात कालवून, कांदा-मिरची घालून आबांसाठी पेला भरून घेऊन आली. आबांनी तो प्यायला, मिशी पुसली आणि एवढंच म्हणाले, "म्हशीला आवडंल." पण पुढच्या वेळी ती आली तेव्हा तिचा नंबर त्यांनी पुढं घेतला. तिचं नाव फुलमती. बिहारच्या कुठल्यातरी गावाहून आलेली, नवरा रोलिंग मिलमध्ये.

आबांना ही वाढती वस्ती आवडायची नाही असं मी म्हणणार नाही. त्यांना ती खरीच वाटायची नाही. खाटेवर पडल्या पडल्या ते बोट करून सांगायचे, "त्या पांढऱ्या बिल्डिंगीखाली माझी हीर हाय. अजून पाणी असंल तिला." त्यांना घरांच्या खालून शेतं दिसायची. मलाही कधीकधी दिसू लागायची, विशेषतः दुपारच्या वेळी, गिरणीच्या घुंईत. मग कुणीतरी डबा आपटून म्हणायचं, "काकू, झालं का आमचं?"

शेडच्या मागच्या बाजूला पोत्यात गुंडाळून एक नवाकोरा दगडांचा जोड ठेवलेला होता. आबांनी तो हौसेनं आणला होता, टाकीही लावून घेतली होती, पण बसवला नव्हता. दर दसऱ्याला त्याला हळद-कुंकू व्हायचं. त्या दगडावर पहिला घास आपल्या शेताच्या ज्वारीचा पडला पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. त्यासाठी शेवटच्या पिकाची ज्वारी त्यांनी एका पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाचा पाला घालून जपून ठेवली होती. दगड बसवू या का विचारलं की म्हणायचे, "जुना चालून राह्यला ना. काय घाई हाय?" मला त्यांचं दुखणं कळत होतं. ती ज्वारी दळली की त्यांच्या शेतातलं काहीच उरणार नव्हतं.

त्या वर्षी दिवाळी झाली आणि भाऊबीजेनंतर फुलमती गिरणीत आली. एरवी बोलकी बाई, पण त्या दिवशी दाराशीच उभी राहिली. तिच्या नवऱ्याच्या पायावर मिलमध्ये तापलेली सळई आली होती. पाऊल भाजलं होतं, जखम भरत नव्हती, तो महिनाभर खोलीत पडून होता. तिनं छठचं व्रत बोललं होतं. त्या व्रताचा प्रसाद ज्या गव्हाचा करायचा तो धुऊन, उन्हात वाळवून, त्याला चिमणीनं चोच लावू नये म्हणून राखण करून, मग अशा चक्कीवर दळायचा जिच्यात दुसऱ्या कशाचा कण नाही.

"दीदी, चक्की धो दीजिएगा?" तिनं विचारलं. "गाँव में तो सब चक्कीवाला धोता है. इधर किससे बोलें?"

मी म्हटलं, धुते. त्या संध्याकाळी गिरणी लवकर बंद करून आम्ही दोघींनी दगड उघडला. ब्रशनं खाचा घासल्या, पाण्यावर पाणी ओतलं. घासता घासता ती सांगत होती. गावाहून थोरल्या दिराचा फोन येत होता की त्याला घेऊन परत या, तिथं तुमचं कोण आहे. तिला जायचं नव्हतं. गावी परत गेलं की दिराच्या हाताखाली जगावं लागणार हे तिला माहीत होतं. पण तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. "यहाँ छठ पार लग गया तो रहेंगे. नहीं लगा तो समझेंगे, यहाँ का पानी हम लोग के लिए नहीं है." तिनं हे रडत सांगितलं असतं तर मी समजूत घातली असती. ती अगदी शांतपणे सांगत होती, म्हणून मला भीती वाटली.

रात्रभर दगड उघडा ठेवला. पंचमीच्या सकाळी तो कोरडा ठणठणीत होता. त्या दिवशी संध्याकाळी तिला त्याच पिठाची रोटी करून, खीर-रोटी खाऊन, पुढचा निर्जळी उपास धरायचा होता. तोवर पाण्याचा घोट तेवढा, अन्न नाही. ती गहू घेऊन येणार आणि मी दळून देणार, इतकं साधं काम होतं. पण नेमकं नळाला पाणी आलं. जालन्यात पाणी आलं म्हणजे हातातलं पोरही खाली ठेवून पळायचं असतं. मी आबांना म्हटलं, "ती आली तर बसवून ठेवा, मी आलेच," आणि घागरी घेऊन गेले.

परत आले तर चक्की चालू होती. फुलमती ओट्यावर बसली होती, मांडीवर नव्या फडक्यात बांधलेला गहू तसाच होता, आणि तिचा एक हात पुढं केलेला, थांबवायला करतात तसा, अजून खाली आला नव्हता. आबा तोंडभर हसत होते. "दगड साफ करून दिला बाईला," ते म्हणाले. "कच न्हाई लागायची आता. दोन मुठी ज्वारी काढली." मी पेटीजवळ पाहिलं. पत्र्याचा तो जुना डबा उघडा होता. आबांनी साध्या ज्वारीच्या मुठी टाकल्या नव्हत्या. बाईचं देवाचं काम आहे म्हणून त्यांनी आपल्या शेताची ज्वारी काढली होती.

मी चक्की बंद केली. मग मी आबांना सांगितलं की या दगडावर आता तिचा गहू चालणार नाही.

"काहून?" त्यांनी विचारलं. "माझ्या वावराची ज्वारी हाय ती. तिनं काय इटाळ झाला?"

"बाबा, आपका अनाज खराब नहीं है," फुलमती म्हणाली. "आप तो भला सोच के किए. हमारा नियम ऐसा है, क्या करें." ती फडक्याची गाठ घट्ट करू लागली. "कोई बात नहीं. हम लोग गाँव चले जाएँगे."

दगड पुन्हा धुवावा तर वाळायला दुसरा दिवस उजाडला असता. बाजारातल्या गिरण्यांत तर सगळ्यांची सरमिसळ दळणं. गिरणीवाल्याच्या घरात जातं कुठून असणार, आमच्या जात्याची तळी न्हाणीत पाय घासायला पडली होती, आणि शेजारपाजारच्या जात्यांत मीठ-मसाला भरडलेला. मी आबांना तिच्या नवऱ्याच्या पायाचं आणि दिराच्या फोनचं सगळं सांगितलं. ते खाटेवर जाऊन बसले. बराच वेळ त्या पांढऱ्या बिल्डिंगीकडे बघत राहिले. मला वाटलं ते रुसले आहेत. तसे ते रुसायचेही.

मग ते उठले आणि म्हणाले, "करीमला बोलाव. म्हणावं जल्दी ये. नवा दगड बसवायचाय."

करीमचाचा आमच्या गिरणीचे मेकॅनिक. पट्टा, बेअरिंग, दगड, सगळं त्यांच्या हातचं. त्यांनी येऊन मागचा जोड पाहिला आणि डोकं खाजवलं. "आबा, ये दिनभर का काम है. शाम तक कैसा होइंगा?"

"करायचं. बाई उपाशी हाय."

चाचांनी फुलमतीकडे पाहिलं. सगळा प्रकार त्यांना कळला होता. "बेटी, मैं हाथ लगाया तो चलता क्या?"

तिनं विचारलं, "चाचा, नहाए हैं?"

"सुबह नहाया."

"एक बार और नहा लीजिए, फिर चलेगा."

नळाला पाणी आलेलं होतं, एवढं आमचं नशीब. ज्या पाण्यावर आमचा पुढचा आठवडा निघायचा ते त्या सकाळी आंघोळींवर गेलं. चाचांनी आंघोळ केली, दगड उचलायला बोलावलेल्या शेजारच्या माणसांनी केली, मी केली. आबा म्हणाले, "माझी झाली हाय दिवाळीची," आणि तरी गुपचूप न्हाणीत गेले. मग साखळी लावली, जुना दगड उतरला, पेटी आणि पीठ उतरायची वाट मी कोरड्या फडक्यानं पुसून काढली, नवा चढला. चाचा पुन्हा पुन्हा कान लावून ऐकत होते. दोन्ही दगडांत किती फट आहे हे ते आवाजावरून ओळखायचे. ऊन पत्र्यावरून सरकत उतरणीला लागलं. फुलमती ओट्यावरून हलली नाही. तिनं पाणीसुद्धा मागितलं नाही.

दगड बसला. आबा डबा घेऊन पुढं आले. इतकी वर्षं या घासासाठी त्यांनी तो दगड सांभाळला होता. त्यांनी डब्यात हात घातला, मूठ भरली, आणि तशीच परत डब्यात सोडली. झाकण लावलं.

"टाक बाई तुझा गहू," ते म्हणाले. "पहिला थोडा टाक. कच जाऊ दे त्याची, गाईला घालू. मंग बाकीचा."

"बाबा, आपका नया पत्थर," ती म्हणाली.

"सहा घरं इथून उठून जाताना पाह्यली म्या," आबा म्हणाले. "कोणाला थांब म्हणता आलं न्हाई. टाक."

तिनं गहू ओतला. नव्या दगडाचा आवाज अगदी वेगळा होता, खालच्या पट्टीतला, जड. चक्की चालू झाल्यावर उन्हाच्या तिरिपीत पीठ तरंगू लागलं, आणि त्या पिठात ती बाई हात जोडून उभी होती. मी गिरणीत हजारो दळणं केली असतील, पण दळताना माझे डोळे त्या एकाच दिवशी भरून आले. पीठ डोळ्यांत गेलं असं मी म्हणाले आणि सगळ्यांनी ते चालवून घेतलं.

संध्याकाळी ती खीर-रोटीचा प्रसाद घेऊन आली. आबांनी तो बसून खाल्ला. दुसऱ्या दिवशी पाचसहा बायका तळ्याच्या काठी पाण्यात उभ्या राहिल्या, मावळत्या सूर्याकडे तोंड करून. मी बघायला गेले होते. आमचे लोक दुरून बघत होते आणि एकमेकांना विचारत होते की हे काय आहे. तिचा नवरा मिलमधल्या एका सोबत्याच्या खांद्यावर हात टाकून आला होता. पुढं त्याचा पाय भरला. लंगडत का होईना, तो पुन्हा मिलवर जाऊ लागला.

छठ आटोपल्यावर एका सकाळी मला पत्र्यावर टकटक ऐकू आली. बाहेर येऊन पाहिलं तर आबा शिडीवर उभे राहून डब्यातली ज्वारी पत्र्यावर उधळत होते. राघू उतरले होते, चिमण्या होत्या. मी म्हटलं, "आबा, ती ज्वारी?" ते म्हणाले, "डब्यात ठेवून काय करू? वावरात यायची ना पाखरं, तेव्हा हाकलत राह्यलो. आता खाऊ दे." पाखरं उडाल्यावरही ते किती तरी वेळ शिडीवरच उभे होते.

आता सातमळ्यात लिफ्टच्या इमारती आहेत. आबांच्या विहिरीवरच्या पांढऱ्या बिल्डिंगीचाही रंग बदलला. पीठ पिशवीत बंद होऊन दुकानात मिळतं, आणि ज्यांना ताजं लागतं त्यांच्या स्वयंपाकघरात कपाटाएवढी चक्की असते. गिरणी दिवसातून थोडा वेळ चालते, मी फक्त देखरेख करते. मात्र छठच्या आधी मी दगड धुते आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत रांग लागते. रांगेतल्या पोरी माझ्याशी मराठीत बोलतात, "काकू, आमचं आधी घ्या ना, आई उपाशी आहे." आईशी त्या दुसऱ्याच भाषेत बोलतात. तळ्याच्या काठी आता पाय ठेवायला जागा नसते. त्या गर्दीत आमच्या लोकांपैकी कुणी विचारत नाही की हे काय आहे. रांगेत ज्वारीचा डबा एकही नसतो, याचं मला वाईट वाटतं. तेही सांगून टाकते.

आबा गेले ते एका हिवाळ्यात, दुपारी, खाटेवरच. मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. पहिलं ताट कुणाकडून येईल याचा माझा अंदाज होता, तो चुकला. फुलमती आली. डोक्यावर पदर, हातात झाकलेली परात आणि पिठल्याचं भांडं. तोवर तिला मराठी येऊ लागलं होतं, तिच्या पद्धतीचं.

"दीदी, ज्वारीच्या भाकरी हायेत," ती म्हणाली. "पहिल्यांदाच केल्या. बाबांना हेच लागत होतं ना. आपली चक्की बंद, म्हणून बाजारातून दळून आणलं."

भाकरी जाड होत्या, कडा फाटलेल्या. मी एक तुकडा मोडून पिठल्याला लावला आणि पहिल्याच घासाला कळलं. बाजारातल्या गिरणीवाल्यानं गव्हावरच ज्वारी टाकली होती. चांगला पसाभर गहू असेल त्यात. आबांनी ताट सरकवलं असतं की नाही, हे मला सांगता येत नाही. त्यांची खाट रिकामी होती आणि फुलमती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"बराबर झाली ना, दीदी?" तिनं विचारलं.

"बराबर झाली," मी म्हणाले, आणि आणखी एक मागून घेतली.